पॅरासिटामॉल: सहा अक्षरं, पाच ठोके, चार तुकडे

'पॅरासिटामॉल' हा शब्द मराठीत लिहायचा तर सहा अक्षरं लागतात, उच्चारताना पाच ठोके पडतात आणि अर्थ लावायचा तर चार तुकडे करावे लागतात. तिन्ही हिशेब वेगवेगळे. ताप आला, अंग ठणकलं, लस टोचून घेतली की हे नाव आपण सहज घेतो, मेडिकलमध्ये जाऊन मागतो. नाव म्हणून त्याच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. रसायनांची नावं म्हणजे तोंडात न बसणारं काहीतरी परकं प्रकरण, ती घोकायची नाहीतर सोडून द्यायची, हा आपला शाळेपासूनचा समज. खरं तर ही नावं सामासिक शब्द असतात. त्यांचा विग्रह करता येतो, संधी सोडवता येतो आणि ते जमलं की उच्चारही आपोआप सुटतो. हे दाखवायला पॅरासिटामॉलसारखं उदाहरण नाही, कारण या एका पदार्थाच्या एकाच लांबलचक नावातून चार वेगवेगळी छोटी नावं कातरून काढली गेली आहेत.

जीभ शब्द कुठे तोडते

आधी उच्चार पाहू. मराठीत आपण अक्षरं मोजतो ती डोळ्यांनी. पॅ, रा, सि, टा, मॉ, ल अशी ती सहा होतात. पण शेवटच्या 'ल'मधला 'अ' आपण उच्चारतच नाही. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना 'क-मळ' असे दोन ठोके, तसंच हे. 'मॉल' एका दमात निघून जातं आणि कानाला पाचच ठोके ऐकू येतात: पॅ-रा-सि-टा-मॉल.

इंग्रज माणूस हाच शब्द बोलतो तेव्हा तिसऱ्या ठोक्यावर जोर देतो. सगळा जोर 'सी'वर गेला की आजूबाजूचे स्वर दुबळे पडतात, 'रा'चा जेमतेम 'र' उरतो आणि 'टा'चा 'ट'. मराठीला अशा आघाताची सवय नाही. आपण प्रत्येक ठोक्याला त्याचा पुरता वेळ देतो, त्यामुळे इंग्रजीत जिथे स्वर जवळजवळ विरून गेलेला असतो तिथे आपल्याला कुठला ना कुठला पूर्ण स्वर भरावा लागतो. कुणी तिथे 'आ' भरतं, कुणी 'ए', कुणी 'ॲ'. म्हणून पॅरासिटामॉल, पॅरासिटेमॉल आणि पॅरासिटॅमॉल अशी तिन्ही रूपं मराठीत छापलेली दिसतात. यातलं एक शुद्ध आणि बाकीची अशुद्ध असं काही नाही. खुद्द इंग्रजीतही तिसरा ठोका कुणी 'सी' म्हणतं, कुणी 'से'.

तिसऱ्या ठोक्यातल्या व्यंजनाची कथा आणखी जुनी आहे. ते ज्या लॅटिन शब्दातून आलं त्याचा उच्चार प्राचीन रोमन लोक 'आकेटुम' असा करत. पुढे युरोपातल्या भाषा फुटल्या, तसा या 'क'चाही कायापालट झाला. इटालियनमध्ये त्याचा 'च' झाला, फ्रेंच आणि इंग्रजीत 'स', जर्मनमध्ये 'त्स'. त्यामुळे जर्मन माणूस आज 'पारात्सेटामोल' म्हणतो, तेही शेवटच्या ठोक्यावर जोर देऊन. स्पॅनिश माणूसही शेवटावरच जोर देतो, पण स्पेनमध्ये त्या व्यंजनाचा उच्चार 'थ'च्या जवळ जातो. स्वर बदलले, व्यंजन बदललं, जोराची जागा बदलली, ठोके मात्र दोन्हीकडे पाचच राहिले. उच्चाराबाबत धरून ठेवण्यासारखी गोष्ट हीच. घाईत कुणी 'पॅरासिटॉल' म्हणालं तर नुसता एक ठोका गळत नाही. नावातला एक अख्खा अर्थपूर्ण तुकडा गळतो.

रसायनशास्त्र शब्द कुठे तोडतं

या पदार्थाचं जुनं पूर्ण नाव पॅरा-ॲसेटिल-अमिनो-फिनॉल. त्याच्या प्रत्येक भागाचं टोक घेऊन लहान नाव बनवलं: पॅरा, ॲसेट, अम, ऑल. हे चार तुकडे आणि जिभेचे पाच ठोके एकमेकांवर बसवून पाहिले तर एकही सांधा जुळत नाही. 'पॅरा'चा शेवटचा स्वर आणि 'ॲसेट'चा पहिला स्वर एकमेकांत मिसळून 'पॅरासेट' झालं. रेखा आणि अंश मिळून 'रेखांश' होतं तोच हा प्रकार. शाळेत सवर्णदीर्घ संधी शिकलेल्याला तो अनोळखी वाटू नये. पुढे 'ॲसेट'मधला 'ट' आणि 'अम'मधला 'अ' जोडून 'ट' अक्षर झालं, 'अम'मधला 'म' आणि 'ऑल' मिळून 'मॉल' झालं. म्हणजे 'मॉल' या ठोक्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही. त्यात एका तुकड्याचं शेपूट आणि दुसऱ्याचं धड आहे. 'रा' आणि 'टा' यांचंही तसंच.

रसायनांची नावं अवघड वाटतात त्याचं मोठं कारण हे आहे. जीभ व्यंजनाला पुढच्या स्वराशी जोडून घेते आणि अर्थाचा सांधा नेमका त्या अक्षराच्या पोटात लपतो. हे निव्वळ योगायोगाने होत नाही, त्यासाठी नियमही आहेत. 'इथेन'ला 'ऑल' प्रत्यय लावला की इंग्रजी लेखनात 'इथेन'च्या शेवटचा 'ई' गाळतात आणि 'इथेनॉल' होतं. मात्र प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल, उदाहरणार्थ 'डायऑल', तर तो 'ई' तसाच राहतो. स्वरापुढे स्वर आला तर एकाने माघार घ्यायची, व्यंजन आलं तर नाही. संधीचे नियम याहून वेगळे काय असतात?

प्रत्येक तुकड्याचं माहेर

आता तुकडे एकेक करून पाहू, आणि सुरुवात 'ॲसेट'पासून करू.

'ॲसेट' म्हणजे व्हिनेगर. वर आलेला 'आकेटुम' हा लॅटिन शब्द व्हिनेगरचाच. त्यातल्या आम्लाला ॲसेटिक आम्ल म्हणतात. दहावीच्या पुस्तकात ते इथेनॉइक आम्ल म्हणून भेटतं. त्या आम्लातून येणारा दोन कार्बनांचा गट म्हणजे ॲसेटिल. शेवटचा 'इल' आला ग्रीक 'हुले'वरून. त्याचा अर्थ लाकूड, आणि त्यावरून पुढे 'ज्यापासून काही बनतं ते द्रव्य'. 1832 मध्ये व्योलर आणि लिबिग हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ कडू बदामाच्या तेलावर काम करत होते. एका अभिक्रियेतून दुसरीत जाताना न फुटता एकसंध राहणारा एक गट त्यांना आढळला. त्याला त्यांनी 'बेंझॉइल' म्हटलं आणि तेव्हापासून अशा गटांच्या नावांना हे शेपूट चिकटलं.

पॅरासिटामॉलमधलं व्हिनेगर नावापुरतं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हार्मन मोर्स यांनी हा पदार्थ पहिल्यांदा बनवला आणि 1878 मध्ये ती कृती प्रसिद्ध केली. त्यांनी पॅरा-नायट्रोफिनॉल घेतलं आणि निर्जल ॲसेटिक आम्लात कथलाबरोबर त्याची अभिक्रिया केली. तयार झालेल्या रेणूला ॲसेटिल गट मिळाला तो त्याच आम्लातून. ॲस्पिरिनच्या नावातला 'ॲ'ही ॲसेटिलचाच. त्यातलं 'स्पिर' स्पायरिया या वनस्पतीच्या नावावरून आलं आणि 'इन' हा प्रत्यय. ॲस्पिरिनच्या जुन्या, दमट जागी पडून राहिलेल्या गोळ्यांना आंबूस वास येतो. दमटपणामुळे तो ॲसेटिल गट सुटतो आणि त्याचं पुन्हा ॲसेटिक आम्ल होतं. नावातला पहिला स्वरच नाकाला जाणवावा, असं भाग्य फार थोड्या शब्दांचं.

'अम' हा तुकडा 'अमिनो'चा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या गटाचा. अमिनो शब्द अमोनियापासून निघाला आणि अमोनिया 'साल अमोनियाक' या मिठापासून. त्याची व्युत्पत्ती अशी दिली जाते की इजिप्तच्या पश्चिमेच्या वाळवंटात आमोन देवाचं देऊळ होतं, त्या भागातून येणारं मीठ म्हणून ते आमोनचं मीठ. आपल्याकडे त्याच मिठाला नवसागर म्हणतात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर पांढरी पूड टाकून कापसाने फिरवायचा आणि नाकात झिणझिण्या आणणारा धूर उठायचा, तोच हा नवसागर. त्या वासात अमोनिया असायचा.

'ऑल' आला अल्कोहोलमधून. अरबी 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक वस्त्रगाळ पूड, मग कुठल्याही द्रव्याचा काढलेला अर्क, मग दारूचा अर्क असा त्याचा अर्थ सरकत गेला. रसायनशास्त्राने शेवटचे दोन-तीन ध्वनी उचलले आणि ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कार्बनला लागलेली असेल तर नावाच्या शेवटी 'ऑल' लावायचा, असं ठरवलं.

उरला 'पॅरा'. ग्रीकमध्ये याचे अर्थ बाजूला, पलीकडे असे. रसायनशास्त्रात तो जागा दाखवतो. बेंझिनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचं षटकोनी वलय असतं. वलयाच्या एका कोपऱ्यावर एक गट बसला असेल, तर दुसऱ्यासाठी तीनच प्रकारच्या जागा उरतात. लगतच्या कोपऱ्याला ऑर्थो म्हणतात, एक सोडून पुढच्याला मेटा आणि बरोबर समोरच्याला पॅरा. आपल्या गोळीत एका कोपऱ्यावर 'ऑल' आहे आणि समोरच्या कोपऱ्यावर नायट्रोजन, त्याला ॲसेटिल जोडलेलं.

जागा बदलली की काय होतं याचं चांगलं उदाहरण न्हाणीघरातल्या फळीवर सापडतं. बेंझॉइक आम्लाच्या वलयावर हायड्रॉक्सिल गट ऑर्थो जागी बसला की सॅलिसिलिक आम्ल होतं. चामखिळीवर, पुटकुळ्यांवर लावायच्या औषधांत ते असतं आणि ॲस्पिरिनही त्याच्यापासूनच करतात. तोच गट पॅरा जागी बसला तर जे आम्ल होतं त्यापासून पॅराबेन नावाची टिकाऊपणा देणारी द्रव्यं बनतात. 'पॅराबेन-फ्री' असं शाम्पूच्या बाटल्यांवर मिरवतात ते हेच. पॅरा म्हणजे समोरची जागा आणि 'बेन' बेंझॉइकचा. बेंझॉइक शब्दाचं मूळ अरबी 'लुबान जावी', म्हणजे जावा बेटाकडचा लोबान. युरोपीय व्यापाऱ्यांना सुरुवातीचा 'लु' हा आपल्या भाषेतल्या उपपदासारखा वाटला, तो त्यांनी टाकून दिला आणि उरलेल्या भागाचं पुढे बेंझॉइन झालं. दोन आम्लांतले अणू तेच, संख्या तीच. फरक फक्त बसायच्या जागेचा, आणि तो उपसर्गाने सांगितला.

जे एकाने टाकलं ते दुसऱ्याने ठेवलं

पॅरासिटामॉलच्या चार तुकड्यांत एक मोठी गफलत आहे. ज्या वलयावर हे सगळे गट बसले आहेत, ते वलयच नावात नाही! मूळ नावातल्या 'फिनॉल'मधला 'फिन' गाळला आणि फक्त 'ऑल' घेतला.

हा गाळलेला तुकडा सापडतो अमेरिकेत. तिथे याच औषधाचं नाव ॲसिटामिनोफेन. उच्चारताना सहा ठोके: ॲ-सि-टा-मि-नो-फेन. विग्रह केला तर ॲसेट, अमिनो, फेन. इथे वलय आहे, पण समोरची जागा दाखवणारा 'पॅरा' नाही आणि 'ऑल'ही नाही. मूळ पूर्ण नाव एकच, दोन्ही नावं घडवणाऱ्यांनी आपापली कात्री चालवली, आणि दोन नावं इतकी वेगळी झाली की ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी औषधं वाटावीत.

'फेन' या तुकड्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनमध्ये दिव्यांसाठी वापरायच्या गॅसमधून जो तेलकट अवशेष उरायचा, त्यातून मायकेल फॅराडे यांनी 1825 मध्ये बेंझिन वेगळं केलं. दिव्याच्या गॅसशी असलेलं हे नातं धरून ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1836 मध्ये त्याला 'फेन' नाव सुचवलं. ग्रीक 'फाइनो' म्हणजे प्रकाशणं, उजेडात आणणं. आपल्या 'प्रभा', 'भानू' या शब्दांतला 'भा' धातू त्याच कुळातला. मूळ पदार्थाचं नाव बेंझिनच राहिलं, पण त्याच्यापासून बनणाऱ्या गटाला फिनाइल आणि हायड्रॉक्सिल लागलेल्या रूपाला फिनॉल म्हणायची पद्धत पडली. फरशी पुसायचं काळं फिनेल घरोघरी होतं, त्याचं नावही इथूनच आलं. डांबरापासून काढलेली फिनॉलवर्गीय द्रव्यं त्यात असतात.

कात्री आणखी दोनदा चालली. 1955 मध्ये अमेरिकेत हे औषध 'टायलेनॉल' या नावाने बाजारात आलं. ॲसेटिलचं शेपूट 'टिल' आणि फिनॉलचं शेपूट 'एनॉल' जोडा, हेच नाव मिळतं. इतरांनी पुढचे तुकडे उचलले, यांनी मागचे. चौथं नाव 'एपीएपी', एन-ॲसेटिल-पॅरा-अमिनोफिनॉलची आद्याक्षरं. अमेरिकेत औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठीत ते छापलं जायचं. रुग्णाला त्यातून काहीच बोध होत नाही आणि एकच औषध दोनदा घेतलं जातं, हे लक्षात आल्यावर पूर्ण नाव लिहिण्याचा आग्रह तिथे धरला गेला.

हा धोका मराठी घरांनाही नवा नाही. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील बॅगेत पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपा घेऊन जातात. तिकडे ताप आला की सून टायलेनॉल देते, आणि त्याने उतरला नाही म्हणून सासूबाई आपली गोळी वर घेतात. दोन्ही एकच. प्रौढ माणसासाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही या औषधाची कमाल मर्यादा मानतात. वजन कमी असेल, यकृत कमकुवत असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर डॉक्टर त्याहून कमी देतात. मात्रा फार झाली तर यकृताला गंभीर इजा होते. त्यावर रुग्णालयात जो उतारा देतात त्याचं नाव एन-ॲसेटिलसिस्टीन. त्यातही 'ॲसेटिल' आहे, पण तिथे तो गट सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडलेला असतो.

पत्ता आणि टोपणनाव

मग नियमानुसार याचं पक्कं नाव काय? नामकरणाचा पहिला मोठा प्रयत्न 1787 मध्ये लव्हॉझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कार्बनी संयुगांचं पीक फोफावल्यावर 1892 मध्ये जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी नियम घालून दिले. 1919 मध्ये स्थापन झालेली आययूपॅक ही संघटना आज ते काम पाहते. तिच्या पद्धतीने आपल्या गोळीचं नाव: एन-(4-हायड्रॉक्सिफिनाइल)ॲसेटामाइड.

असं नाव शेवटाकडून वाचायचं. मराठी तत्पुरुष समासात मुख्य पद शेवटी असतं. राजवाडा म्हणजे वाडाच, कुणाचा ते आधीचा शब्द सांगतो. तसं इथे मूळ पदार्थ ॲसेटामाइड. त्याच्या नायट्रोजनवर काहीतरी जोडलंय, हे सुरुवातीचा 'एन' सांगतो. काय जोडलंय? फिनाइलचं वलय. त्या वलयाच्या चौथ्या कोपऱ्यावर काय? हायड्रॉक्सिल गट. नायट्रोजनला जोडलेला कोपरा पहिला धरला की चौथा बरोबर समोर येतो. जुना 'पॅरा' इथे 4 आकडा होऊन बसला आहे. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा पूर्ण पत्ता लिहिल्यावर पोस्टमन नेमक्या दारात पोचतो, तसं या नावावरून कुठलाही रसायनशास्त्रज्ञ रेणूची आकृती बिनचूक काढू शकतो.

जुन्या नावात मुख्य पद फिनॉल होतं, नव्यात ॲसेटामाइड झालं, हेही बघण्यासारखं आहे. रेणू एकच, पण दोन गटांपैकी मान कुणाला द्यायचा याची ज्येष्ठता यादी आययूपॅकने ठरवली आहे. त्यात अमाइड हायड्रॉक्सिलच्या वर आहे. म्हणून अमाइडला शेवटची, मानाची जागा मिळाली आणि हायड्रॉक्सिल उपसर्ग होऊन पुढे गेला.

एकदा तुकडे ओळखू यायला लागले की लांबीची भीती उरत नाही. मलेरियाविरुद्धच्या मोहिमेत गावोगावी घरांच्या भिंतींवर फवारली गेलेली डीडीटी घ्या. तिचं पूर्ण नाव रोमन लिपीत 31 अक्षरांचं आहे, पण देवनागरीत पाडून लिहिलं की सरळ होतं: डाय-क्लोरो, डाय-फिनाइल, ट्राय-क्लोरो, इथेन. शेवटी पाया इथेन. त्यावर तीन क्लोरीन आणि दोन फिनाइल वलयं, आणि त्या वलयांवर आणखी दोन क्लोरीन, प्रत्येकी एक. 'डाय' आणि 'ट्राय' हे आपल्या द्वि आणि त्रि यांचेच ग्रीक भाऊ. उच्चारताना चार ठिकाणी श्वास घेतला तर कुणाचीही जीभ अडखळणार नाही.

सारखा शेवट, वेगळं कुळ

इतकं कळल्यावर एक सापळा समोर येतो. पॅरासिटामॉलच्या शेवटी 'ऑल' आहे आणि रक्तदाबाच्या ॲटेनोलॉलच्या शेवटीही. म्हणजे ही भावंडं का? मुळीच नाहीत. औषधांच्या नावांना रसायनशास्त्राच्या नियमांखेरीज दुसरा एक नियम लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1950 मधल्या ठरावानंतर 1953 पासून औषधांना जगभर चालणारी सामायिक नावं देण्याची पद्धत सुरू झाली. ती कुणा कंपनीच्या मालकीची नसतात. पॅरासिटामॉल हे असंच नाव. अमेरिकेने आपलं वेगळं ठेवलं. या पद्धतीत शेवटचा तुकडा औषधाचं कुळ दाखवतो. 'ओलॉल'ने संपणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारी एका गटातली औषधं. टेल्मिसार्टान, लोसार्टान यांतला 'सार्टान'ही रक्तदाबाचाच, पण काम करायची तऱ्हा निराळी. 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचा, 'प्राझोल' पित्ताचा, 'ग्लिप्टिन' मधुमेहाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या एका ओळीत मांडून नावांचे शेवट वाचले तर कोणती गोळी कशासाठी, याचा निम्मा अंदाज येतो. पॅरासिटामॉलचा 'ऑल' या यादीतला नाही. तो रेणूतल्या हायड्रॉक्सिलचा, जुन्या रासायनिक नावातून वाहत आलेला.

ही नावं ठरवताना उच्चाराचाही विचार होतो. रोमन लिपीत 'पीएच'ऐवजी 'एफ', 'टीएच'ऐवजी 'टी', 'वाय'ऐवजी 'आय' लिहावा आणि 'एच' व 'के' शक्यतो टाळावेत, अशी सूचना आहे. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी एकाच स्पेलिंगचे भलतेच उच्चार करू नयेत, हा हेतू. म्हणूनच ॲमॉक्सिसिलिनच्या जुन्या ब्रिटिश स्पेलिंगमधला 'वाय' जाऊन 'आय' आला. देवनागरीत लिहिणाऱ्याला हा बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही, कारण आपण उच्चारच लिहितो.

स्ट्रिप उलटी करून वाचा

आता एक अनोळखी नाव स्वतः फोडून पाहा: सालब्युटामॉल, दम्याच्या पंपातलं औषध. शेवटचे दोन तुकडे ओळखीचे आहेत, अम आणि ऑल. 'ब्युट' हा ब्युटिलचा, म्हणजे चार कार्बनांचा गट. 'साल' हा सॅलिसिलिक कुळातला. विलो झाडाचं लॅटिन नाव 'सालिक्स', त्यावरून आलेला. पॅरासिटामॉलशी याचं नातं नावातल्या दोन तुकड्यांपुरतं. काम पूर्ण वेगळं, श्वासनलिका मोकळी करण्याचं. नाव फोडल्याने रेणूत काय काय आहे ते कळतं. तो रेणू शरीरात काय करेल, हे दरवेळी कळेलच असं नाही.

तरीही हे वाचन घरच्या घरी उपयोगी पडतं ते सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांच्या बाबतीत. पुढच्या बाजूला कंपनीचं ठसठशीत, लक्षात राहणारं नाव असतं. घटकांची यादी मागे किंवा कडेला, बारीक टायपात. त्यात बहुतेक वेळा तीन नावं सापडतात. क्लोरफेनिरामिन: क्लोर, फेन, शेवटी अमिन, शिंका आणि नाक गळणं थांबवतं, झोपही आणतं. फिनाइलेफ्रिन: फिनाइल आणि 'एपिनेफ्रिन'चं शेपूट 'एफ्रिन', चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं, आणि रक्तदाब असलेल्यांनी विचारूनच घ्यावं असं. तिसरं नाव पॅरासिटामॉल, पुढे मिलिग्रॅमचा आकडा. सर्दीसाठी ही गोळी घेतली आणि ताप म्हणून वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली, तर ते औषध दोनदा पोटात गेलं. दोन पाकिटांवरची ठळक नावं वेगळी असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बारीक टायपातलं नाव पाचही ठोके देऊन एकदा मोठ्याने वाचायचं आणि पुढचा आकडा बघायचा. पहिल्या गोळीत 500 मिलिग्रॅम असेल, तर दुसरी कधी घ्यायची आणि घ्यायची का, हा प्रश्न मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना नेमक्या शब्दांत विचारता येतो.